'सायको' : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

• कादंबरी रॉबर्ट ब्लॉकची, १९५९. चित्रपट आल्फ्रेड हिचकॉकचा, १९६०. पटकथा जोसेफ स्टेफानो.

• चित्रपटाचे हक्क सुमारे ९ हजार डॉलरना विकले गेले. घेणारा कोण, हे ब्लॉकला विकताना ठाऊकच नव्हते!

• मुख्य पात्र नॉर्मन बेट्स : पुस्तकात चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा, दारू पिणारा. पडद्यावर सडपातळ, लाजाळू, तरुण अँथनी पर्किन्स.

• पुस्तक नॉर्मनच्या घरात सुरू होते. चित्रपट ४० हजार डॉलर घेऊन पळणाऱ्या मॅरियनपासून. पुस्तकात तिचे नाव मेरी.

• तिचा न्हाणीघरातला खून : पुस्तकात मोजक्या ओळी, शिर धडावेगळे. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट, चित्रीकरण मात्र सात दिवस. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताऐवजी चॉकलेट सिरप खपून गेले.