फुरका मारा, पण गिळू नका!

चहा पिताना आवाज करू नये, असे घरोघरी मुलांना बजावले जाते. बशीतून फुरके मारणाऱ्या आजोबांकडेही सुना जरा नाराजीनेच बघतात. म्हणूनच कोलकात्यातल्या चहा चाखण्याच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस गोंधळून जातो. इथे चांगली शिकलीसवरलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसे मांडलेल्या वाट्यांसमोरून सरकत जातात, चमचाभर चहा सुर्रकन ओढतात आणि लगेच पिकदाणीत थुंकून टाकतात. गिळत कुणीच नाही.

गिळून भागणारही नाही. हंगामात एका टेस्टरला दिवसाला शेकडो नमुने चाखायचे असतात. फुरका मोठा मारायचा तोही उगाच नव्हे. हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर पसरतात, त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. अर्धी चव नाकाचीच असते. त्यामुळे अशा ठिकाणी जाताना अत्तर लावू नये आणि पान खाऊन तर मुळीच जाऊ नये.

नीळ गेली, चहा आला

कोलकात्यात २७ डिसेंबर १८६१ रोजी चहाचा लिलाव झाला. भारतातला तो पहिला. डलहौसी भागातल्या नीलहाट हाऊसमध्ये बसणारी जे. थॉमस ही दलाल कंपनी त्याहूनही जुनी, १८५१ सालची. ‘नीलहाट’ म्हणजे निळीचा बाजार. निळीचा धंदा बुडाला, इमारतीच्या नावात मात्र तो राहून गेला.

आसाम, डुआर्स, दार्जिलिंगच्या मळ्यांतून चहा गोदामात येतो, त्यातून नमुने काढले जातात आणि ते टेबलावर मांडले जातात. प्रत्येक नमुन्यामागे तीन वस्तू: कोरडी पत्ती, झाकणाचा चिनी मातीचा कप आणि पांढरी वाटी. पत्ती तोलून घ्यायची. जुन्या काळी ब्रिटिश सहा पेनीचे नाणेच वजन म्हणून वापरत, म्हणजे सुमारे २.८ ग्रॅम. उकळते पाणी ओतून झाकण लावायचे, पाच-सहा मिनिटे थांबायचे, मग कप वाटीत आडवा करून पाणी निथळू द्यायचे. भिजलेली पत्ती उलट्या झाकणावर काढायची. निथळलेल्या पाण्याला या धंद्यात ‘लिकर’ म्हणतात. मद्याशी त्याचा काही संबंध नाही!

नवख्याला पहिल्या फेरीत सगळ्या वाट्या सारख्याच लागतात. दोन वाट्या शेजारीशेजारी चाखल्या की मग फरक उमगू लागतो. एक जिभेला तरतरी देणारी, तिला ‘ब्रिस्क’ म्हणायचे. दुसरी निर्जीव, ‘फ्लॅट’. आसामची गोळीदार सीटीसी पत्ती दूध घालूनही चाखतात, कारण ती शेवटी दुधातच जाणार असते. दार्जिलिंगला मात्र दूध लावत नाहीत. मे-जूनमधल्या तिथल्या तोडणीला पिकलेल्या द्राक्षांसारखा गंध येतो. कोवळ्या पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा त्यात मोठा वाटा असतो. आपल्याकडचा द्राक्ष बागायतदार ज्या किडीला शिव्या घालतो, तिच्या भाऊबंदांनी दार्जिलिंगला भाव मिळवून द्यावा, ही गंमतच.

एका फुरक्याची किंमत

हा सगळा खटाटोप अर्थातच भावासाठी चालतो. टेस्टर चव घेऊन अंदाजी किंमत सांगतो. ती किलोमागे दहा रुपयांनी उतरली, तर हजार किलोंच्या मालावर मळ्याला दहा हजारांचा फटका. म्हणून नुसता ‘वाईट’ हा शेरा चालत नाही, कारण शोधावे लागते. चहाला धुरकट वास असेल, तर कारखान्यातल्या भट्टीची नळी गळत असावी. करपट लागला, तर पत्ती जास्त भाजली गेली. दूर डोंगरात झालेली चूक कोलकात्यातल्या जिभेला कळते आणि निरोप मळ्यावर जातो. उलटही घडते. गुवाहाटीच्या लिलावात २०२१ मध्ये आसामच्या मनोहारी मळ्याच्या एका खास चहाला किलोमागे ९९,९९९ रुपये मिळाले होते.

हातोडा आपटून होणारे बोलीचे लिलाव आता संगणकावर गेले. दार्जिलिंगने सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये, ही वाट धरली. जिभेचे काम मात्र संगणकाला करता आलेले नाही.

हा धंदा वर्षानुवर्षे पुरुषांचाच होता. त्यात शिरलेल्या डॉली रॉय देशातल्या पहिल्या महिला टी-टेस्टर म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे ढाकुरियाच्या दक्षिणापण बाजारात त्यांनी चहाचे छोटेसे दुकान थाटले आणि टेस्टरच्या खोलीतला चहा सामान्य गिऱ्हाइकापुढे आणला.

दलालांच्या खोल्या सर्वांसाठी खुल्या नसतात, आधी परवानगी काढावी लागते. ती नाही मिळाली तर लालबाजारच्या सुट्या चहाच्या दुकानांतून दोन-तीन प्रकारची शंभर-शंभर ग्रॅम पत्ती घ्यावी आणि घरी प्रयोग करावा. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, झाकण, सहा मिनिटे. दूध-साखर नाही. नेहमीची पत्तीही त्या रांगेत ठेवावी. ती कितव्या नंबरावर येते, हे बघताना थोडे धाडस लागते.

नीलहाट हाऊसमधून बाहेर पडलेला पाहुणा सहसा फार लांब जात नाही. पदपथावरच दूध, साखर आणि आले घालून चहा खळखळत असतो. मातीच्या छोट्या भांड्यात, ज्याला बंगाली माणूस ‘भाँड’ म्हणतो, तो गरम गरम हातात येतो. सकाळपासून थुंकत आलेला माणूस तो शेवटच्या थेंबापर्यंत गिळतो आणि दुसरा मागतो.