सकाळी संगीत, दुपारी संशोधन: एकाच आवाजाची दोन कामं

मागच्या भागानंतर बरेच मेसेज आले: "साउंड कंपोझिशन आणि पीएचडी, दोन्ही एका दिवसात कसं बसवतोस?" खरं सांगू? वेळ बसवता येतो. अवघड असतं ते एकच रेकॉर्डिंग दोन कामांना वापरताना गल्लत न करणं.

माझा दिवस साधारण असा. सकाळी ८ ते १० मिक्सिंग, कारण तेव्हा कान ताजे असतात. कान थकले की 'स', 'श'सारखे तीक्ष्ण आवाज कमी जाणवतात. आपण ते वाढवत बसतो आणि दुसऱ्या दिवशी तेच कानाला टोचतात. म्हणून आवाज कमी ठेवायचा आणि तासाला दहा मिनिटं शांत बसायचं.

दुपारी संशोधन. पुण्यातल्या मंडईत सकाळी केलेली रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि कितव्या सेकंदाला हॉर्न, कितव्या सेकंदाला विक्रेत्याची हाक, हे लिहून काढायचं. इथे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, मदतीला येतं. थकलेल्या कानांना डोळ्यांची साथ! संध्याकाळी लिखाण आणि बॅकअप. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं तासभराचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं, म्हणजे बॅकअप टाळून चालत नाही.

आता माझी चूक ऐका. एका रचनेसाठी मी मंडईच्या फाइलमधला ट्रॅफिकचा गोंगाट काढला आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. ऐकायला मस्त! पण माझा अभ्यासाचा प्रश्नच हा होता, की गोंगाटात हाक कितपत ऐकू येते? गोंगाटच पुसला, तर मोजणार काय? त्या सकाळचा डेटा गेला तो गेलाच.

मग गोंगाट काढणं म्हणजे खोटेपणा का? तसं नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कंपोझर हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांची १९८९ सालची 'किट्स बीच साउंडवॉक' ही रचना ऐका. समुद्रकिनाऱ्यावरचे बारीक आवाज ऐकवताना, स्टुडिओत फिल्टर लावून शहराचा गोंगाट घालवता येतो, हे त्या स्वतःच रचनेत बोलून सांगतात. बदल करतात, पण लपवत नाहीत.

त्यातून मी तीन नियम केले. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवरच काम करायचं. दोन्ही कामांचे फोल्डर वेगळे. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: परवानगीही वेगळी.

कारण मंडईतल्या एका मावशींनी "अभ्यासाला घे" म्हणून होकार दिला होता. रचनेसाठी नाही. मी परत गेलो, फोनवर क्लिप ऐकवली. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हाक राहू दे रे, पण मी पोराला ओरडतेय ना, ते काढ. ते घरचं आहे."

ते चार सेकंद माझ्या रचनेतला सगळ्यात जिवंत भाग होते. मी काढले.

तुम्हीही फोनवर आवाज रेकॉर्ड करत असाल. एडिट करण्याआधी कॉपी करा आणि आवाज कुणाचा असेल, तर कशासाठी वापरणार ते त्यांना सांगा. भेटू पुढच्या भागात!