नाडी न लागणारा आजार

मनगटाची नाडी लागत नाही, दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठी तफावत आढळते आणि रुग्ण ऐन तारुण्यातील स्त्री असते, तेव्हा डॉक्टर ताकायासू आर्टेरायटिसचा विचार करतात. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांतील विलक्षण बदलांचे वर्णन केले. त्यांचेच नाव या विकाराला मिळाले.

यात शरीराची संरक्षक यंत्रणा महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांवरच उलटते. त्यांच्या भिंती सुजून जाड होतात, आतील मार्ग अरुंद होतो. विकार दुर्मिळ खरा, पण आशियातील स्त्रियांत तुलनेने अधिक. प्रारंभी बारीक ताप, थकवा, वजन घटणे एवढेच दिसते. घरी त्याला अशक्तपणा समजून टॉनिक दिले जाते. मुलगी उपवर असेल, तर सोयरिकीच्या काळजीने तपासणीही लांबते. वास्तविक दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला वेळ तो किती लागतो?

उपचारांत स्टेरॉइड प्रमुख. जैन घरांत खरी अडचण येते ती पर्युषणात. अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले म्हणून गोळ्या एकाएकी थांबवल्या जातात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल पुरेसे बनवत नाही; अचानक खंड पडल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांनीच, तीही हळूहळू. दिवसातून एकच मात्रा असल्यास ती बहुधा सकाळी अन्नानंतर घेतात. त्यामुळे नवकारसी व चौविहार दोन्ही सांभाळता येतात. पच्चक्खाणाच्या पाठातही समाधीसाठी आगार आहेतच. म्हणून तपापूर्वी महाराजसाहेबांना आजार सांगावा आणि डॉक्टरांना तप.