गळका कंटेनर कोणत्या बंदराने घ्यायचा?

गुहागरच्या आमच्या घरी पडवीच्या पायरीशी एक जुनं फडकं आणि रॉकेलची बाटली ठेवलेली असायची. मे महिना सरत आला, वारं नैर्ऋत्येचं झालं की पुळणीवर डांबराचे गोळे लागायचे, काही वाटाण्याएवढे, काही मुठीएवढे. समुद्रावरून आलेल्या पोरांना तळपाय पुसल्याशिवाय आजी उंबरा ओलांडू द्यायची नाही. हे डांबर कुठून येतं, असं विचारलं की ती नुसता समुद्राकडे हात करायची.

तिचा हात बरोबर दिशेला होता. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ या गोळ्यांतल्या तेलाची रासायनिक ओळख पटवतात. टँकरच्या टाक्या धुऊन समुद्रात सोडलेलं तेल आणि बॉम्बे हायचं तेल, दोन्हींच्या खुणा त्यांना सापडल्या आहेत. हे काम बोटांचे ठसे जुळवण्यासारखं आहे. एक ठसा हाती असला तरी ताडून बघायला दुसरा लागतोच. दुसऱ्या देशात तेल भरलेल्या जहाजाने वाटेत टाक्या धुतल्या असतील, तर तो दुसरा ठसा त्या देशाकडे असतो. तो मागायचा कुणाकडे आणि कोणत्या हक्काने?

शिवाय पाणी एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. हिवाळ्यात तो उलटतो आणि बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरतं. दर वर्षी एकदा आपलं पाणी शेजाऱ्यांकडे, एकदा शेजाऱ्यांचं आपल्याकडे.

मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे अगदी नवं मालवाहू जहाज अरबी समुद्रातून येत होतं. त्याच्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. तो कंटेनर उतरवून घ्या, अशी विनंती जहाजाने आधी कतारमधल्या हमाद बंदराला आणि मग गुजरातेतल्या हजिऱ्याला केली. जहाजाच्या कंपनीने सांगितलं त्याप्रमाणे, असा माल हाताळायची सोय लगेच नाही, असं उत्तर दोन्हीकडून आलं. जहाज तसंच कोलंबोला गेलं. २० मे रोजी बंदराबाहेर नांगरलेलं असताना त्यावर आग भडकली. भारतीय तटरक्षक दलाची जहाजं श्रीलंकेच्या मदतीला धावली, कित्येक दिवस पाण्याचा मारा चालला, आणि तरीही जूनच्या सुरुवातीला जहाज बुडायला लागलं. त्यातून सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात गेले. बादल्यांपासून पिशव्यांपर्यंत सगळं ज्यापासून बनतं तो हा कच्चा माल, दिसायला थेट साबुदाणा. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचे थर साचले, मासेमारी बंद झाली, माणसं पांढरे अंगरखे घालून वाळू चाळत बसली.

हजिऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आम्ल गळणारा कंटेनर आपल्या धक्क्यावर, आपल्या कामगारांच्या अंगावर कोण घेईल? ऐन वेळी विचारलं तर प्रत्येक बंदर नाहीच म्हणणार. २००२ मध्ये ‘प्रेस्टीज’ या फुटलेल्या टँकरला स्पेनने असंच खोल समुद्रात पिटाळलं. तो तिथे दुभंगला आणि तेल स्पेनसह फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने संकटातल्या जहाजाला आसरा देण्याच्या जागांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा इतकाच, की हे आधी ठरवून ठेवा.

आपल्या भागात ठरवायला जागा आहे. दक्षिण आशियाई देशांची पर्यावरण सहकार्य संस्था १९८२ पासून कोलंबोत आहे. मार्च १९९५ मध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच देशांनी दक्षिण आशियाई समुद्रांसाठी कृती आराखडा स्वीकारला. पण त्यामागे बंधनकारक प्रादेशिक करार नाही, आणि माझ्या मते सगळं अडतं ते इथे. आराखड्याला मान डोलावता येते, कराराला उत्तर द्यावं लागतं.

भांडणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये करार कसा होणार, असं कुणी म्हणेल. शेजारच्या आखातात तो झाला आहे. एप्रिल १९७८ मध्ये कुवेतला आठ देशांनी सागरी प्रदूषणाविरुद्ध करार केला. त्यात इराण आणि इराक दोघंही होते. या समुद्राला पर्शियन म्हणायचं की अरबी, यावरच वाद. म्हणून त्यांनी कागदोपत्री त्याला या करारातून उभ्या राहिलेल्या आपल्या संघटनेचंच नाव दिलं! दोन वर्षांत इराण-इराक युद्ध पेटलं. १९८३ मध्ये नौरोझ तेलक्षेत्रातून तेल महिनोन्‌महिने वाहिलं आणि लढाईपुढे करार हतबल ठरला, हेही खरं. पण त्याच युद्धाच्या काळात, १९८२ मध्ये, बहारीनला तेलगळतीसाठी संयुक्त मदत केंद्र उभं राहिलं आणि ते टिकलं. आपल्याकडे भारत आणि मालदीवची तटरक्षक दलं १९९१ पासून ‘दोस्ती’ नावाचा संयुक्त सराव करतात. २०१२ पासून श्रीलंकाही त्यात आहे. म्हणजे खलाशांची ओळख आहे, हात पुढे करायची सवय आहे. नाही ती एक यादी: आम्ल कोणत्या बंदराने घ्यायचं, जळतं जहाज कुठे न्यायचं, खर्च आधी कुणी उचलायचा, तेलाचा नमुना किती दिवसांत द्यायचा.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालं. पाऊस सुरू झालेला होता, प्रवाह दक्षिणेकडे होता. तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर तेच साबुदाण्यासारखे दाणे लागले, आणि जूनमध्ये ते श्रीलंकेच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पोचले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी वाळू चाळली, त्यांच्याच देशात पुन्हा चाळण्या निघाल्या.

गुहागरला आता रॉकेल मिळत नाही. पायरीशी खोबरेलाची बाटली असते. फडकं मात्र अजून लागतं.