नवलाईचं बटण आणि रोजचं काम

आजच्या तंत्रगप्पांचा विषय आहे तुमच्या खिशाशी जोडलेला.

मुलं पॉलिटेक्निकला किंवा विद्यापीठात निघाली, की इथे सिंगापुरात घरोघरी लॅपटॉपची खरेदी निघते. मग फोन येतो, "दादा, ह्या मॉडेलमध्ये एक नवीनच बटण आहे. चारशे डॉलर जास्त आहेत, पण घेऊ का?" उत्तर देण्याआधी मी एक गोष्ट सांगतो. ती आपल्या सिंगापूरचीच आहे.

रेझर ही कंपनी तुमच्या मुलांना नक्की ठाऊक असेल. तिचे एक संस्थापक मिन-लियांग टॅन हे सिंगापूरचे. मूळचे वकील! ऑगस्ट २०११ मध्ये रेझरने 'ब्लेड' नावाचा १७ इंची लॅपटॉप जाहीर केला. किंमत जवळजवळ २,८०० अमेरिकी डॉलर. त्यातलं नवल म्हणजे 'स्विचब्लेड'. कीबोर्डच्या उजव्या बाजूला टचपॅडच्या जागी एक छोटा स्क्रीन, आणि त्याच्या वर दहा बटणं, ज्यांच्यावरची चित्रं कामाप्रमाणे बदलत. खेळ बदलला की बटणंही बदलली.

कल्पना सुंदर होती. मला तर वाटलं होतं, उद्या सगळीच बटणं अशी झाली, तर मराठी निवडताक्षणी कीबोर्डवर देवनागरी उमटेल!

प्रत्यक्षात काय झालं? २०१३ साली आलेल्या १४ इंची ब्लेडमध्ये साधा टचपॅड होता. मोठ्या मॉडेलमध्ये स्विचब्लेड आणखी काही वर्षं राहिलं, पण २०१६ च्या ब्लेड प्रोमध्ये तिथूनही गेलं. गंमत बघा, त्याच वर्षी ॲपलने मॅकबुक प्रोवर 'टच बार' आणला. फंक्शनच्या बटणांऐवजी बदलती, चकचकीत पट्टी. २०१९ मध्ये एस्केपचं खरं बटण परत द्यावं लागलं, २०२१ च्या मोठ्या मॉडेलांतून पट्टीच गेली, आणि २०२३ मध्ये ती असलेलं शेवटचं मॉडेलही बंद झालं.

दोन्हीकडे अडचण सारखीच. टाइप करणारा माणूस बटणांकडे बघत नाही, बोटांना जागा पाठ असतात. बटण बदलतं झालं, की प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते. दुसरं म्हणजे, प्रत्येक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्या पट्टीसाठी वेगळं काम करायला हवं. थोड्या ग्राहकांसाठी ते कोण करणार?

पण सगळंच फसलं असंही नाही. त्याच पट्टीच्या टोकाला बोटाचा ठसा ओळखणारं बटण होतं. ते आजही टिकून आहे. कारण साधं आहे. त्याची जागा बदलत नाही, न बघता बोट जातं, आणि पासवर्ड टाइप करायचा त्रास वाचतो.

आणि आपल्या देवनागरीचं? तिला बदलती बटणं लागलीच नाहीत. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८० च्या दशकातली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एकदा बोटांत बसली की बटणांवर अक्षरं छापलेली नसली तरी चालतं. ज्यांना तेवढाही सराव नको, त्यांच्यासाठी रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सोय आहे. शिवाय २०१७ पासून गुगलला मराठीत बोलून लिहायला सांगता येतं. गावाकडच्या आजीला पत्र लिहायला साधा लॅपटॉप पुरतो.

२०२४ पासून विंडोजच्या लॅपटॉपवर 'कोपायलट'चं बटण दिसू लागलं आहे. उद्या आणखी काही येईल. तेव्हा दुकानात तीन प्रश्न विचारा. हे न बघता वापरता येईल का? मी रोज वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये चालेल का? आणि उद्या हे बंद पडलं, तर उरलेला लॅपटॉप ह्या किमतीला परवडेल का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल घ्या. नाहीतर तेच पैसे जास्त मेमरीत घाला. मीही एकदा नुसत्या नवलाईपोटी जादा पैसे मोजले आहेत, म्हणून हक्काने सांगतोय. मेमरी पहिल्या दिवशी मिरवता येत नाही, पण चौथ्या वर्षी तीच कामाला येते.

भेटू पुढच्या भागात. तोवर लिहीत राहा, मराठीत!