निळा उजेड, पांढरे प्रवाळ

फिशटँकची लाइट बदलणं म्हणजे ट्यूब बदलण्याइतकं सोप्पं वाटतंय? आत प्रवाळ असतील तर जरा दमानं घ्या, बॉस!

रूममेटला दुबईचा जॉब लागला आणि जाताना तो अख्खा समुद्र माझ्या गळ्यात बांधून गेला. दोन फुटी काचेची टाकी, 75 लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि एका खडकावर पसरलेले मश्रूम कोरल आणि झोआंथिड. 'काही करायचं नाही रे. पाणी आटलं की आरओचं साधं पाणी ओत, आठवड्याला थोडं पाणी बदल,' एवढं सांगून गडी एअरपोर्टला!

तीन महिने मस्त गेले. ऑफिसातून थकून आलं की टीव्हीऐवजी टँक. मग एका शनिवारी रात्री लाइट फडफडली आणि गेलीच.

पहिली गोष्ट, घाबरू नका. दोन-तीन दिवस अंधारात काढले म्हणून प्रवाळ मरत नाहीत. हे मला रविवारी कळलं, तोवर मी टेबललॅम्प टँकवर टेकवून बसलो होतो. सोमवारी हाफ डे टाकून फिटिंग घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानातल्या काकांनी ते उघडलं आणि हसले. होल्डरच्या पिनांवर हिरवा थर, चोकवर मिठाची पांढरी पापडी. 'खारं पाणी आणि चोक शेजारी ठेवलेत, आणखी काय होणार साहेब?'

बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. ते हळूहळू आत सरकतं. काकांनी होल्डर आणि चोक बदलले, चोक टँकपासून लांब लावायला सांगितला. ट्यूबखाली ॲक्रिलिकची पट्टी टाका म्हणाले. आणि वायरीला बोर्डाच्या आधी खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, सॉकेटात शिरणार नाही. सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर आधी तो बसवा. खाऱ्या पाण्यात हात घालायचाय, इथे कंजूसपणा नको!

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण झोआंथिड माना उंच करून वर ताणत होते, म्हणजे उजेड कमी पडत होता. टी-फाइव्ह ट्यूब वर्षभर वापरल्या की दिसायला तेवढ्याच लख्ख असतात, कामाचा उजेड मात्र घटलेला असतो. तेव्हा म्हटलं, अपग्रेड! 90 वॉटची एलईडी मागवली. पांढरा आणि निळा, दोन वेगळे चॅनल, मोबाइलवरून कंट्रोल. एकदम सही. पांढरा शंभर टक्क्यांवर लावला की डोळे दिपायचे, म्हणून तो कमी केला. निळा चॅनल डोळ्यांना मंदच वाटत होता. तो फुल्ल ठेवला.

चौथ्या दिवशी मश्रूम आक्रसले. आठव्या दिवशी त्यांचा चॉकलेटी-लाल रंग उडून ते मळक्या काचेसारखे दिसायला लागले. एक तर खडकावरून सुटून तळाशी पडलं.

डोळ्यांनी दगा दिला तो असा

आपल्या डोळ्यांना सगळ्यात तेज दिसतो तो हिरवट-पिवळा उजेड. निळा तेवढ्याच ताकदीचा असला तरी फिका वाटतो. प्रवाळांचं उलटं आहे. त्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं आणि भाडं म्हणून घरमालकाला साखर करून देतं. प्रवाळांचं बरंचसं पोट यावरच चालतं. समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, निळा खोलवर पोचतो, त्यामुळे हे शेवाळ निळ्यावर चांगलंच काम करतं. उजेड अचानक वाढला की त्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम सुरू होतो, विषारी ऑक्सिजनचे रेणू तयार होतात आणि प्रवाळ वैतागून भाडेकरूलाच बाहेर काढतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात मुख्य कारण तापलेलं पाणी. 2016 साली ग्रेट बॅरियर रीफवर झालं ते हेच. माझ्या हॉलमध्ये ते एका ॲपने घडवलं.

मग ठाण्याच्या एका टँकवेड्या मित्राने पार मीटर आणला. पार म्हणजे शेवाळाला उपयोगी पडणारा उजेड. लक्सचं मीटर इथे चालत नाही, ते आपल्या डोळ्यांच्या हिशेबाने मोजतं आणि निळ्याला कमी मार्क देतं. खडकावर रीडिंग आलं 280! जुनी टी-फाइव्ह लावून पाहिली, तर 55. मश्रूमना साधारण 50च्या आसपास पुरतं, झोआंथिडना 100 भरपूर. 280 म्हणजे कठीण प्रवाळांचा खुराक.

मित्राने दोन्ही चॅनल 20 टक्क्यांवर आणले, म्हणजे बरोब्बर जुन्या ट्यूबएवढा उजेड. 'त्यांना सवय आहे तिथून सुरू कर, आणि आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नकोस.' उजेड दिवसाला आठ तास, टायमरवर. तुमच्या लाइटला डिमर नसेल, तर मच्छरदाणीच्या जाळीचे तीन-चार थर टँकवर टाकायचे आणि आठवड्याला एकेक काढायचा. साधा फंडा, पण चालतो. मश्रूम कपारीच्या सावलीत सरकवले, झोआंथिड वर. हातमोजे घालून, बरं का! काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते विष गंमत नाही.

'एवढी भारी लाइट आहे, तर कठीण प्रवाळ ठेवूया का?' मी विचारलं. तो एकदम सीरियस झाला. भारतात कठीण प्रवाळ आणि सी-फॅन 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा खिशात टाकून आणला तरी तो गुन्हा. दुकानदार 'चलता है' म्हणाला तरी नाहीच. मश्रूम आणि झोआंथिड या कठीण प्रवाळांच्या गटात येत नाहीत, पण घेताना बिल मागाच.

दीड महिना लागला. तपकिरी छटा आधी कडेने आली, मग मधे. झोआंथिडनी माना खाली घेतल्या. लाइट आता 35 टक्क्यांवर आहे आणि तिथेच राहणार. उरलेल्या 65 टक्क्यांचे पैसे मी उगाच भरले, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

परवा रूममेटचा दुबईहून व्हिडिओ कॉल आला. 'लाइट डिम का केलीस रे?' मी फोन टँकच्या काचेला लावला. जे मश्रूम सुटून पडलं होतं, त्याच्या जागी खडकाला चिकटून राहिलेल्या तुकड्यातून वाटाण्याएवढी दोन नवी मश्रूम उगवली होती.