न लागलेल्या शब्दाची जागा

कागद स्कॅन करायचं माझं नेहमीचं अ‍ॅप कंपनीने नुकतंच गुंडाळलं. तसली दुसरी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. तरी राग आला, कारण हातच्या टिपणांच्या बाबतीत हे दरवेळी असंच घडत आलंय.

नव्वदचं दशक कोरडंच गेलं. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, पण दप्तरखान्यात बसणाऱ्यांच्या हाती वही आणि पेन्सिलच राहिली.

खरा घोळ झाला तो २००० नंतरच्या दहा वर्षांत. घरोघरी स्कॅनर आले, पण जाड वही काचेवर कितीही दाबली तरी शिवणीजवळच्या ओळी काळ्याच उमटत. मग वह्या डीटीपीवाल्याकडे गेल्या. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी चालत होती, तरी छपाईच्या धंद्याने आपापले फॉन्ट सोडले नाहीत. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मोडक्या रोमन अक्षरांचा चिखल दिसायचा. माझ्या वाड्यांवरच्या नोंदी त्यातच गेल्या. ‘छापून तर येतंय ना’ म्हणून तेव्हा हात झटकणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

त्याच दशकात एक माणूस मात्र लाखमोलाचं होतं: टायपिंग करणाऱ्या बाई. माझा घाईचा मजकूर त्या सहज वाचत. एखादं आडनाव लागलं नाही तर तिथे जागा मोकळी सोडत आणि संध्याकाळी फोन करून विचारत, “सर, हे भिडे की भिसे?” फोनचे कॅमेरे सुधारले तशी ती कामं आटली आणि बाईंचं दुकानही बंद झालं.

पुढचं थोडक्यात. २००५ मध्ये चित्रातली छापील अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं, २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. छापील मराठी बऱ्यापैकी वाचली जाऊ लागली. हस्ताक्षर मागेच राहिलं, कारण घाईत शिरोरेखा कुणी देत नाही, जोडाक्षरं प्रत्येकाची निराळी आणि मराठी ‘ल’, ‘श’ हिंदीहून वेगळे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता पानभर मजकूर क्षणात उतरवून देते. पण न लागलेल्या शब्दाच्या जागी ती शोभेलसा दुसरा शब्द बसवते आणि सांगतही नाही. इतिहासाच्या टिपणात असा बेमालूम शब्द चुकीपेक्षा घातक, कारण तो कुणी तपासायलाच जात नाही.

म्हणून व्यवहारात टिकणारी रीत एकच. दिवसाच्या उजेडात पानांचे फोटो काढावेत, वहीवार पीडीएफ करावी, फाइलच्या नावात तारीख आणि विषय घालावा. पानवार सूची स्वतः, युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत टाइप करावी; ती कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही. यंत्राने वाचलेलं पान मुळाशी ओळीओळीने ताडून पाहावं आणि वही रद्दीत घालू नये. आणि यंत्रं बनवणाऱ्यांकडे मराठी माणसाने एवढं तरी मागावं: जिथे वाचता येत नाही, तिथे जागा मोकळी सोडा.